टोपभर सूप आणि एक फोन

तापाने फणफणले होते, त्यात डेडलाइन! मडगावची रूममेट म्हणाली, "गप पड, सूप करते." अर्धा किलो हाडासकट बीफ (महाराष्ट्रात 2015 पासून बैलाचंही बंद, म्हणून म्हशीचं), कांदा, आलं, मिरी, मीठ, दीड लिटर पाणी. पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर 40 मिनिटं. मांस मऊ झाल्यावरच गाजर, बटाटा, कोबी. आधी घातलं तर लगदा! शेवटी मूठभर मॅकरोनी, वरून लिंबू.

आमच्या घरी बीफ कधीच नव्हतं. दोन बोल संपवले आणि आईचा फोन. "काय खाल्लंस?" एरवी 'खिचडी' म्हणाले असते. या वेळी खरं सांगितलं. पलीकडे शांतता. मग, "गरम होतं ना?"

वीकेंडला करून बघाच. कुकर मात्र मोठा घ्या!