मत्स्यटाक्याचा गाळण-हौद

शोभेच्या माशांच्या संगोपनास २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत स्थान मिळाले आहे. मोठे टाके घेताना लक्ष जाते ते माशांच्या रंगाकडे. टाके तगते मात्र खालच्या गाळण-हौदावर.

टाक्यातील पाणी सांडव्यावरून नळावाटे हौदात उतरते. पहिल्या कप्प्यातील स्पंज विष्ठा व उरलेले खाद्य अडवितो. दुसऱ्यात खडी अगर विटांचे तुकडे भरावेत. त्यांवर वाढणारे जीवाणू माशांपासून निघणाऱ्या विषारी अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर बऱ्याच अंशी निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. यास सुमारे महिना लागतो. तोवर मासे थोडेच सोडावेत. शेवटच्या कप्प्यातील पंप पाणी वर चढवितो.

हिवरखेडसारख्या गावी खरी परीक्षा होते ती वीज गेल्यावर. पंप थांबताच सांडव्याच्या पातळीवरचे सर्व पाणी खाली येते. ३ मीटर लांब व १ मीटर रुंद टाक्यात ते २ सेंटिमीटर असले तरी ६० लिटर भरते, नळांतील वेगळेच. तेवढी जागा हौदात नेहमी रिकामी हवी. परतीच्या नळाचे तोंड खोल बुडविल्यास वक्रनलिकेप्रमाणे पाणी उलटे ओढले जाऊन हौद ओसंडतो. ते पृष्ठभागालगतच ठेवावे.

वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि तो माशांप्रमाणे जीवाणूंनाही लागतो. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा. खडीचा कप्पा क्लोरीनयुक्त पाण्याने धुऊ नये. टाक्यातूनच काढलेल्या पाण्यात खळबळावा, व ते पाणी परसातील भाजीस घालावे.