एव्हरेस्टच्या पायथ्याची वारी

ज्येष्ठ महिना सरत आला की पैठणहून नाथांची पालखी पंढरपूरला निघते. तुमच्यापैकी कित्येक जण तिच्याबरोबर चालले असतील. वारीत कोणी शर्यत लावत नाही. आजचा मुक्काम कुठे, उद्याचा कुठे, हे आधीच ठरलेले असते. दिंडीत म्हातारी माणसे असतात, लेकुरवाळ्या बायका असतात. त्यांना झेपेल अशा चालीने सगळी दिंडी चालते. म्हणून तर सगळे पंढरपूरला पोचतात.

अशीच एक पायवाट हिमालयात आहे. ती जगातल्या सर्वांत उंच पर्वताच्या पायथ्याशी जाते. देशोदेशीचे लोक गटागटाने ती चालतात. आपल्या छत्रपती संभाजीनगरहूनही लोक जातात. त्या वाटेची हकिगत आज वाचू या.

पर्वत केवढा?

देवगिरीचा किल्ला तुम्ही पाहिला असेल. त्याची टेकडी पायथ्यापासून सुमारे २०० मीटर उंच आहे. ती चढताना आपली दमछाक होते. अशा ४४ टेकड्या एकावर एक रचल्या, तर त्या एव्हरेस्टएवढ्या होतील. एव्हरेस्टची उंची समुद्रापासून ८,८४९ मीटर आहे. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. ते १,६४६ मीटर आहे.

हा पर्वत नेपाळ आणि तिबेट यांच्या सीमेवर उभा आहे. नेपाळी लोक त्याला सगरमाथा म्हणतात. इंग्रजांच्या अमदानीत भारतातल्या जमिनीची आणि डोंगरांची मोठी मोजणी झाली. त्या मोजणीत राधानाथ सिकदर नावाचे एक बंगाली गणिती होते. १८५२ च्या सुमारास त्यांनी आकडेमोड केली आणि हाच पर्वत सर्वांत उंच आहे असे दिसून आले. पुढे १८६५ साली त्याला एव्हरेस्ट या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव मिळाले. हिशेब एकाचा आणि नाव दुसऱ्याचे! जगात असे पुष्कळदा घडते.

२९ मे १९५३ रोजी शेर्पा तेनसिंग आणि न्यूझीलंडचे हिलरी हे दोघे या शिखरावर प्रथम उभे राहिले.

छावणी म्हणजे काय?

शिखर चढणारे लोक आधी पायथ्याशी तंबू ठोकतात. तिथे महिना-दीड महिना राहतात. या जागेला बेस कॅम्प म्हणतात. आपण तिला तळछावणी म्हणू. चढणाऱ्यांचे काम इथून सुरू होते. पायी फिरणाऱ्यांची वाट इथे संपते.

पायथा म्हटले म्हणून तो सखल असेल असे समजू नका. ही छावणी ५,३६४ मीटर उंचीवर आहे. म्हणजे तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या, तरी त्या छावणीच्या खालीच राहतील.

आपल्या शहरातल्या दोघांनी तर छावणीच्याही पुढे जाऊन शिखर गाठले आहे. शेख रफिक हे पोलीस शिपाई. २०१४ साली ते गेले, तेव्हा बर्फाचा कडा कोसळून १६ नेपाळी कामगार मेले आणि मोहिमा थांबल्या. २०१५ साली ते पुन्हा गेले, तर मोठा भूकंप झाला. २०१६ साली तिसऱ्या खेपेला त्यांना यश आले. दुसऱ्या मनीषा वाघमारे. २०१७ साली शिखर थोडेच उरले होते, पण हवा बिघडली. त्या परत फिरल्या. २०१८ च्या मे महिन्यात त्या पुन्हा गेल्या आणि शिखरावर पोचल्या. दोघेही वेळेला मागे फिरले, म्हणूनच पुन्हा जाऊ शकले. ही गोष्ट ध्यानात असू द्या.

वर हवा विरळ का असते?

कापसाची गंजी आठवा. तळाचा कापूस वरच्या ओझ्याने दाबून बसतो. वरचा कापूस मोकळा, भुसभुशीत राहतो. तळाची एक मूठ घेतली तर तिच्यात पुष्कळ कापूस येतो. वरची मूठ घेतली तर थोडाच येतो.

हवेचेही तसेच आहे. समुद्रकाठची हवा वरच्या हवेच्या ओझ्याने दाट झालेली असते. जसजसे उंच जावे, तसतशी ती विरळ होते. छावणीवर ती जवळजवळ निम्मी असते. श्वास तेवढाच घेतला, तरी छातीत प्राणवायू निम्माच जातो.

तिथे आणखी एक गंमत होते. हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी लवकर उकळते, पण ते उकळते पाणी आपल्याकडच्याएवढे गरम नसते. म्हणून उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकर लागतोच. सरपणाचीही टंचाई असते. झाडे फार खालीच संपतात, आणि ती तोडायला सरकारची मनाईही आहे. मग तिथल्या बाया काय जाळतात? याक नावाचा केसाळ बैल असतो, त्याच्या शेणाच्या गोवऱ्या! आपल्या घरच्यासारखेच की नाही?

शरीराला सवय लागते, पण हळूहळू

विरळ हवेत गेल्यावर शरीर स्वतःच उपाय करू लागते. श्वास जलद होतो. नाडी जलद होते. काही दिवसांनी रक्तातल्या तांबड्या पेशी वाढू लागतात. पण या कामाला वेळ लागतो. नवा बैल आपण पहिल्याच दिवशी सकाळपासून सांजेपर्यंत नांगराला जुंपतो का? नाही. आधी थोडे, मग थोडे जास्त. शरीरालाही असेच वळण लावावे लागते.

जाणत्यांनी यासाठी नियम ठरवले आहेत. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर आजचा झोपण्याचा मुक्काम कालच्यापेक्षा ५०० मीटरहून अधिक उंच नसावा. दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच गावी थांबावे. त्या दिवशी झोपून राहायचे नाही. थोडे वर चढायचे आणि झोपायला खाली यायचे.

मुक्काम

काठमांडूच्या बाजूने लहान विमान लुक्ला गावी जाते. लुक्ला २,८६० मीटरवर आहे. तिथून पुढे मोटारीचा रस्ता नाही. जाऊन-येऊन सुमारे १३० किलोमीटरची चाल आहे.

पहिल्या दिवशी फाकदिंग. दुसऱ्या दिवशी नामचे, ३,४४० मीटर. तिथे शनिवारचा आठवडी बाजार भरतो. इथे एक दिवस जास्त थांबायचे. चौथ्या दिवशी तेंगबोचे. तिथे बुद्धाचा मोठा मठ आहे. पाचव्या दिवशी दिंगबोचे, ४,४१० मीटर. इथेही एक दिवस जास्त. सातव्या दिवशी लोबुचे. आठव्या दिवशी गोरक्षेप आणि तिथून छावणी. नवव्या दिवशी पहाटे कालापत्थर नावाच्या टेकडीवर जातात. कारण छावणीवरून एव्हरेस्टचे शिखर दिसतच नाही! मधल्या डोंगराआड ते लपते. टेकडीवरून मात्र स्पष्ट दिसते. मग तीन दिवसांत परत.

वाटेत दूधकोशी नदीवर लोखंडी दोरांचे झुलते पूल आहेत. समोरून याकांचा तांडा आला, तर डोंगराच्या अंगाला उभे राहावे. दरीच्या अंगाला उभे राहिले आणि याकाचा धक्का लागला, तर माणूस खाली जायचा. मंत्र कोरलेल्या शिळा लागतात. देवळाच्या प्रदक्षिणेत जसा देव उजव्या हाताला ठेवतो, तशा या शिळाही उजव्या हाताला ठेवून पुढे जावे.

वाट दाखवणारे बहुधा शेर्पा असतात. शेर्पा म्हणजे ओझे वाहणारा असे पुष्कळांना वाटते. ते चूक आहे. शेर्पा ही तिथली एक जमात आहे. ओझी वाहणारे हमाल पुष्कळदा खालच्या गावांतून आलेले गरीब शेतकरी असतात. त्यांनाही विरळ हवा बाधते, थंडी वाजते. आपण स्वेटर घालून चालावे आणि आपले ओझे वाहणाऱ्याच्या अंगात पातळ सदरा असावा, हे बरे नव्हे.

चालताना शेर्पा एक शब्द सारखा म्हणतात, "बिस्तारै, बिस्तारै." म्हणजे सावकाश, सावकाश.

दुखणे लपवले आणि काय झाले

माझा एक जुना विद्यार्थी दहा जणांच्या गटाबरोबर या वाटेने गेला होता. परत आल्यावर भेटायला आला. त्याने सांगितले ते असे.

गटात तालमीत कसलेला एक तरुण गडी होता. तो रोज सर्वांच्या पुढे. सर्वांच्या मागे पन्नाशीच्या एक शिक्षिका. त्या दहा पावले टाकून थांबत. हा त्यांची थट्टा करी. तेंगबोचेला त्याचे डोके दुखू लागले. जेवण गेले नाही. रात्री उलटी झाली. पण त्याने कोणाला सांगितले नाही. मागच्या बाईंना काही होत नाही आणि आपल्याला होते, याची त्याला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तो दिंगबोचेला पोचला. सायंकाळी तो भलतेच बोलू लागला. वाटाड्याने जमिनीवर काठीने रेघ ओढली आणि म्हणाला, "या रेघेवरून चालून दाखव. टाचेला बोटे लावून." त्याला चालता येईना. दारू प्याल्यासारखा तोल जाऊ लागला. वाटाड्या लगेच म्हणाला, "याला आत्ताच खाली न्यायचे."

"अंधार पडलाय. सकाळी बघू," कोणीतरी म्हणाले.

"सकाळपर्यंत हा राहील याचा भरवसा नाही," वाटाड्या म्हणाला.

विरळ हवेने मेंदूला सूज येते. कोणाच्या फुफ्फुसात पाणी होते. यावर पहिला आणि खरा उपाय एकच. खाली उतरणे. औषध आणि प्राणवायूची नळी मदत करतात, पण उतरण्याची जागा घेत नाहीत.

एक शेर्पा, माझा विद्यार्थी आणि तो गडी असे तिघे बॅटरीच्या उजेडात निघाले. दोघांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरले होते. मध्यरात्रीपर्यंत ते सुमारे ५०० मीटर खाली आले. पहाटे गडी नीट बोलू लागला. पुढे त्याला नामचेला आणले. तो वाचला.

बाकीचे सात जण आणि त्या शिक्षिका छावणीवर पोचल्या.

मी विचारले, "म्हणजे तुला छावणी पाहायला मिळालीच नाही?"

"नाही गुरुजी."

"वाईट वाटले असेल?"

"वाटले की. पैसे दोन वर्षं साठवले होते. अजूनही वाटतं. पण तो रोज सकाळी आमच्या गल्लीतून दुधाची किटली घेऊन जातो. त्याला बघितलं की तेवढंच बरं वाटतं."

आपल्याला याचा काय उपयोग?

तुम्ही म्हणाल, गुरुजी, आम्ही कुठे नेपाळला जाणार? पण केदारनाथला तर जाता ना? केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे. म्हणजे नामचेपेक्षाही उंच. अमरनाथची गुहा त्याहून उंच आहे. आपल्या गावातली साठी-सत्तरीची माणसे घाईने जातात. काल मैदानात, आज वर. कोणी हेलिकॉप्टरने काही मिनिटांत वर पोचतात. शरीराला सवय लागायला वेळच मिळत नाही. डोके दुखले तर म्हणतात, "देवाच्या दारी आलोय, सोसू."

देवाच्या दारी दुखणे लपवू नये. या गोष्टी ध्यानात ठेवा:

१. निघण्याआधी दवाखान्यात तपासून घ्या. दम्याचा, हृदयाचा, रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका. अमरनाथला तर डॉक्टरांचा दाखला सक्तीचाच आहे.

२. वर चढण्याआधी मधल्या उंचीच्या गावी एक-दोन रात्री मुक्काम करा.

३. सावकाश चाला. पाणी थोडे थोडे, पण पुष्कळ प्या. दारू आणि विडी नको.

४. डोके दुखणे, मळमळणे, भूक मरणे, चक्कर येणे, झोप न लागणे ही पहिली चिन्हे. ती दिसली की सोबत्यांना सांगा. त्या दिवशी आणखी वर जाऊ नका.

५. बसल्या जागी दम लागणे, ओठ निळे पडणे, तोल जाणे, भलतेच बोलणे ही धोक्याची चिन्हे. अशा माणसाला ताबडतोब खाली आणा. रात्र असली तरी. त्याला एकटे सोडू नका.

६. गटाची चाल सर्वांत मागच्या माणसाच्या चालीने ठरवा.

शिखर तिथेच राहते. देवही तिथेच असतो. माणूस धड राहिला, तर पुढच्या वर्षी पुन्हा जाता येते.