गणिताची गोळी
(लेखांक सहावा)

डॉ. चार्ल्स ब्रॅडली अमेरिकेत ऱ्होड आयलंडला मुलांच्या रुग्णालयात काम करत. तिथे मेंदूची एक तपासणी होई; तिच्यात मणक्यातलं पाणी काढावं लागे आणि नंतर मुलांचं डोकं विलक्षण दुखे. त्यावर उतारा म्हणून ब्रॅडलींनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिलं. डोकेदुखी काही हटली नाही, पण एरवी वर्गभर हुंदडणारी काही मुलं बसून अभ्यास करू लागली. १९३७ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. मुलांनी तोवर गोळीचं बारसंही उरकलं होतं: गणिताची गोळी.

गोळीने कुणाला गणित शिकवलं नव्हतं, हे मात्र ध्यानात घ्या. येत असलेलं गणित पुरं होईपर्यंत जागेवर बसणं जमू लागलं, एवढंच. आपल्याकडचे बरेच पालक नेमकं इथेच उलट करतात. एडीएचडीला, म्हणजे अवधानाच्या त्रासाला, डॉक्टर गोळी सुचवतात, तर ‘नको, सवय लागेल’. आणि वाचन-लेखनाची अडचण असेल तर मात्र स्मरणशक्तीचं सिरप बिनदिक्कत सुरू! या अडचणीवर, म्हणजे अध्ययन अक्षमतेवर, औषध नाही. कोणत्याही पॅथीत नाही.

आधी गोळीचं पाहू. मेथिलफेनिडेट हे सर्वाधिक वापरातलं औषध. साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. भूक मंदावते, डबा तसाच परत येतो, झोप उशिरा लागते. म्हणून वजन, उंची, नाडी, रक्तदाब वरचेवर पाहावे लागतात. आपल्या कायद्यात ते ‘शेड्यूल एक्स’मध्ये आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो. त्यामुळे हे औषध कुठल्याही दुकानात मिळत नाही. ॲटोमॉक्सेटिन उत्तेजक नाही, पण त्याचा गुण यायला काही आठवडे जातात. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र पहिला उपाय औषध नव्हे, पालकांचं प्रशिक्षण: एका वेळी एकच सूचना, ती पाळली की लगेच शाबासकी, रोजचा ठरलेला क्रम. वाचायला सोपं वाटतं. संध्याकाळी सातला, कुकरच्या शिट्टीत आणि गृहपाठाच्या रडारडीत करून पाहा.

१९९९ साली अमेरिकेत ५७९ मुलांवरच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. चौदा महिने नीट देखरेखीखाली दिलेल्या औषधाने चंचलपणा आणि लक्ष न लागणं नुसत्या वर्तनोपचारापेक्षा जास्त आटोक्यात आलं. नेहमीच्या डॉक्टरांकडे जाणाऱ्या अनेक मुलांनाही औषध होतंच, पण भेटी तुटपुंज्या, डोस कमी. ती मागे राहिली. तीन वर्षांनी मात्र गटांतला हा फरक उरला नाही. गोळी लिहून घ्यायची आणि पुन्हा फिरकायचंच नाही, यात काही अर्थ नाही.

आता शिकण्याचं. इथे लागते ती उपचारात्मक शिकवणी, आणि ती क्लासपेक्षा वेगळी. क्लासात तोच धडा पुन्हा भराभरा होतो. इथे प्रशिक्षित शिक्षक ध्वनी आणि अक्षर यांची जोडी पहिल्यापासून बसवतो. काना-मात्रा, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या, मग रफार आणि जोडाक्षरं. हे काही आठवड्यांचं काम नव्हे, कधी वर्षंही लागतात. घरी मराठी आणि शाळा इंग्रजी असेल तर तपासणी दोन्ही भाषांत व्हायला हवी. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे.

आणि अक्षमतेचं प्रमाणपत्र? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. २०१८च्या नियमांनी ते आठ वर्षांपासून देण्याची आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणीची तरतूद केली. जादा वेळ, लेखनिक या सवलती मुलाच्या हक्काच्या आहेत, त्यात कमीपणा नाही. पण कित्येक घरांत धावपळ सुरू होते ती नववीत, बोर्ड समोर दिसल्यावर. सवलतीने पेपर निभावतो, वाचता येत नाही. शिकवणीची खरी वेळ दुसरी-तिसरीत असते.

पुष्कळ मुलांत दोन्ही अडचणी एकत्र असतात; त्यांना दोन्ही उपाय लागतात, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

पुढच्या आठवड्यात शाळेशी कसं बोलायचं ते पाहू. तोवर मुलाच्या जुन्या वह्या रद्दीत देऊ नका. डोळे आणि कान तपासून घ्या आणि तज्ज्ञांकडे जाताना त्या वह्या सोबत न्या.