‘आणि’ आणि ‘किंवा’मधला क्षयरोग

‘खोकला नाही ना, मग क्षय कसा असेल?’ असे म्हणत अनेक जण महिनाभर ताप अंगावर काढतात. यात बऱ्याचदा एका छोट्या शब्दाची गफलत असते.

फुप्फुसाच्या क्षयाची चार ठळक लक्षणे अशी: दोन आठवड्यांहून जास्त खोकला, दोन आठवड्यांहून जास्त ताप, वजन घटणे आणि रात्री घाम येणे. भिंतीवरच्या फलकावर ती एकाखाली एक लिहिलेली असतात. वाचणारा ती सगळी एकत्र असायला हवीत असे समजतो. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये ‘किंवा’ असतो. एक लक्षण असले, तरी तपासणी हवी.

हा फरक किती मोठा, हे बारावीच्या गणितातले सत्यता कोष्टक दाखवते. विधान खरे किंवा खोटे असण्याच्या सर्व शक्यता त्यात ओळीने मांडतात. प्रत्येक लक्षण ‘आहे’ किंवा ‘नाही’, म्हणजे चार लक्षणांच्या १६ ओळी होतात. ‘आणि’ने जोडलेले विधान फक्त एका ओळीत खरे ठरते, जिथे चारही लक्षणे आहेत. ‘किंवा’ने जोडलेले विधान मात्र १५ ओळींत खरे ठरते. म्हणजे ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ वाचणारा १४ प्रकारच्या रुग्णांना तपासणीविना घरी बसवतो.

‘चहा की कॉफी?’ या प्रश्नात दोन्हींपैकी एकच निवडायचे असते. तर्कशास्त्रातला ‘किंवा’ तसा नाही. एक असो, दोन असोत वा सगळी, विधान खरेच राहते. ते खोटे ठरायला चारही लक्षणांचा अभाव लागतो. नुसता खोकला नसणे पुरेसे नाही. शिवाय मानेतल्या गाठींसारखा फुप्फुसाबाहेरचा क्षय खोकल्याशिवायही असू शकतो.

आता ‘जर-तर’ पाहू. ‘जर लक्षण असेल, तर तपासणी करावी’ हा नियम कोष्टकाच्या चार ओळींपैकी एकाच ओळीत मोडतो: लक्षण आहे, पण तपासणी झाली नाही. लक्षण नसताना तपासणी केली, तर नियम मोडत नाही. म्हणूनच क्षयरुग्णाच्या घरातल्या धडधाकट दिसणाऱ्या माणसांनाही डॉक्टर तपासणीला बोलावतात. त्यात विसंगती नाही.

आणखी एक लक्षात ठेवावे. लक्षण असेल तर तपासणी, एवढेच हा नियम सांगतो. लक्षण म्हणजे क्षय, असे तो म्हणत नाही. ताप आणि खोकल्याची इतर कारणे पुष्कळ आहेत. त्यामुळे घाबरून घरी बसण्याचे कारण नाही. थुंकीची तपासणी आणि एक्स-रे यांतून उलगडा होऊ शकतो. सरकारी आरोग्य केंद्रांत क्षयाची तपासणी व औषधे मोफत मिळतात. पुढच्या वेळी लक्षणांची यादी वाचताना प्रत्येक ओळीनंतर ‘किंवा’ म्हणावे.