मज्जातंतूंचे पांघरूण

चुलीवरील तापलेल्या भांड्यास नकळत बोट लागले, तर विचार मनात येण्यापूर्वीच आपण हात मागे घेतो. वेदना कोणासही नकोशी वाटते. परंतु तिचे काम राखणदाराचे आहे. तिचा निरोप बोटापासून पाठीच्या कण्याकडे व तेथून मेंदूकडे नेणारे जे बारीक धागे शरीरभर पसरलेले आहेत, त्यांस मज्जातंतू म्हणतात. याच धाग्यांवरून मेंदूचा हुकूम उलट दिशेने स्नायूंकडे जातो, आणि मग हात उचलतो, पाऊल पडते, पापणी मिटते.

यांपैकी पुष्कळशा तंतूंवर एक पांढरे, स्निग्ध आवरण असते. विर्चो नावाच्या जर्मन वैद्याने १८५४ साली त्यास मायलिन हे नाव दिले. मज्जा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घडविलेले आहे. आपल्या मराठीत तर ‘मज्जातंतू’ या शब्दातच मज्जा अगोदरपासून येऊन बसली आहे!

हे आवरण विजेच्या तारेवरील रबरासारखे असते, असे शाळेच्या पुस्तकांतून सांगतात. ते खरे आहे, पण अपुरे आहे. तारेवरील रबर सलग असते. मायलिन मात्र उसाप्रमाणे कांड्याकांड्यांनी बनलेले असते. एकेक कांडे फार तर एक-दीड मिलिमीटर लांब, आणि दोन कांड्यांच्या मध्ये तंतूचा किंचित भाग उघडा. पावसाळ्यात ओढा ओलांडताना आपण जसे धोंड्यावरून धोंड्यावर उड्या टाकीत जातो, तसा मज्जातंतूतील निरोप एका उघड्या जागेवरून दुसऱ्या उघड्या जागेवर उडी घेत जातो. म्हणूनच आवरण नसलेल्या बारीक तंतूत निरोपाचा वेग सेकंदास सुमारे एक मीटर, तर जाड आवरणाच्या तंतूत तो शंभर मीटरांच्याही पुढे जातो. चालताना ठेच लागली असता तोल सावरता येतो, तो या वेगामुळेच.

मेंदूबाहेरील मज्जातंतूंवर हे आवरण ज्या पेशी विणतात, त्यांस श्वान पेशी म्हणतात. मराठी वाचकास कुत्र्याची आठवण होईल. पण हे नाव थिओडोर श्वान या शास्त्रज्ञाचे आहे. तो बेल्जममधील लुव्हेनच्या कॅथॉलिक विद्यापीठात १८३९ पासून १८४८ पर्यंत प्राध्यापक होता. राखणीचे काम मात्र या पेशीही इमानाने करतात. तंतूभोवती चटई गुंडाळावी तशा त्या स्वतःस गुंडाळून घेतात, आणि ज्या बारीक तंतूंवर मायलिन नसते त्यांनाही आपल्या कुशीत सांभाळतात.

हे पांघरूण फाटले म्हणजे निरोप मंदावतो, अडखळतो, किंवा अजिबात पोहोचत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारात मेंदूतील व पाठीच्या कण्यातील आवरणाला शरीराची स्वतःचीच संरक्षक शक्ती शत्रू समजून कुरतडते. पॅरिसच्या डॉ. शार्को यांनी १८६८ साली या रोगाचे नीट वर्णन केले. थंड प्रदेशांत तो अधिक आढळतो. आपल्याकडे त्या मानाने कमी. गियाँ-बारे या विकाराचे नाव मात्र आता आपल्या लोकांच्याही कानी पडलेले आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या बाजूस त्याचे रुग्ण एकाएकी वाढले आणि संशयितांसह त्यांची संख्या दोनशेवर गेली. दूषित पाण्यातील जंतूंवर त्याचे खापर फुटले. अगोदर जुलाब अथवा ताप येतो. तो बरा झाल्यावर काही दिवसांनी पायांतील बळ जाऊ लागते व ती दुर्बलता वर वर चढते. जंतूशी लढण्यास निघालेली शक्ती मज्जातंतूंच्या आवरणावर, काहींच्या बाबतीत खुद्द तंतूवरच, उलटते. अशा रोग्यास अंगारा लावून घरी ठेवू नये. श्वासाचे स्नायू थकण्यापूर्वी तो मोठ्या रुग्णालयात पोहोचला, तर बहुतेक रोगी पुन्हा चालू लागतात. कारण श्वान पेशी फाटलेले पांघरूण नव्याने विणू शकतात.

या पेशींचा सर्वांत जुना वैरी मात्र कुष्ठरोगाचा जंतू होय. नॉर्वेतील डॉ. हान्सेन यांनी १८७३ साली तो शोधून काढला. त्याच वर्षी मे महिन्यात फादर डेमियन हवाई बेटांपैकी मोलोकाईवर कुष्ठरोग्यांच्या सेवेस जाऊन राहिले. लुव्हेनपासून थोड्याच अंतरावरील त्रेमेलो गावी जन्मलेले हे शेतकऱ्याचे पुत्र. डिसेंबर १८८४ मध्ये एके दिवशी त्यांनी पाय शेकण्यासाठी कढत पाण्यात घातला. कातडी भाजून निघाली. परंतु त्यांस काहीच जाणवले नाही. आपणासही तोच रोग जडला आहे हे त्यांस अशा प्रकारे उमगले. १५ एप्रिल १८८९ रोजी त्यांचे निधन झाले, व २००९ साली पवित्र सभेने त्यांस संतपद दिले.

त्या पायात काय घडले होते? हा जंतू श्वान पेशीच्या आत शिरून राहतो. एकाचे दोन होण्यास त्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून रोग अंगात शिरल्यावर कित्येक वर्षे तो दिसत नाही. त्यास थंडावा मानवतो. त्यामुळे कानाची पाळी, नाक, कोपरामागील व गुडघ्याच्या बाजूचे वरवरचे मज्जातंतू हे त्याचे आवडते ठिकाण. पुढे शरीराची संरक्षक शक्ती जागी होते, मज्जातंतू सुजतो आणि आपल्याच आवरणात दबून मरू लागतो. प्रथम ऊनथंड व वेदना यांची जाणीव जाते, नंतर स्नायूंचे बळ. बोटे झडतात ती जंतू खातो म्हणून नव्हे. भाजणे, कापणे, ठेचणे कळत नसल्याने जखमा चिघळत जातात म्हणून.

डिसेंबर २००५ मध्ये भारतात कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. त्याचा अर्थ, दहा हजार लोकांत एकाहून कमी रोगी, एवढाच होता. रोग संपला असे समजून आपण सर्वच निश्चिंत झालो. प्रत्यक्षात आजही देशात दरवर्षी सुमारे एक लाख नवे रोगी सापडतात. अंगावर फिका अथवा तांबूस चट्टा उठला, तो खाजत नाही, तेथे घाम येत नाही, टोचलेले कळत नाही. करंगळीतील जोर गेला. चालता चालता चप्पल पायातून निसटली तरी ध्यानात आले नाही. यांपैकी काहीही आढळल्यास सरकारी आरोग्य केंद्रात जावे. औषध फुकट मिळते, सहा महिने किंवा एक वर्ष घ्यावे लागते, आणि ते सुरू केल्यावर लवकरच रोग्यापासून इतरांस धोका उरत नाही. शंभरातील सुमारे पंचाण्णव माणसांस हा रोग मुळी जडतच नाही. बळ कमी होऊन सहा महिने उलटण्यापूर्वी सूज उतरविणारे औषध मिळाले, तर मज्जातंतू पुष्कळदा सावरतो. उशीर झाल्यास जंतू मरतो, पण गेलेली जाणीव बहुधा परत येत नाही.

तरीही लोक चट्टा झाकतात. मुलीचे लग्न मोडेल ही धास्ती असते. बायबलातील लेवीय या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात ज्यास कुष्ठ म्हटले आहे, त्यात अनेक प्रकारचे त्वचारोग, कपड्यावरची बुरशीदेखील, येते. तेथील नियम या जंतूच्या रोग्यास लावणे गैर आहे. पापाला कुष्ठाची उपमा देण्याची जुनी रीतही टाकून दिलेली बरी. आपल्या देशाच्या कायद्यातसुद्धा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते, ख्रिस्ती लोकांच्या कायद्यातही. २०१९ साली ते काढून टाकण्यात आले.

ज्यांच्या हातापायांची जाणीव गेलेली आहे, त्यांस डोळ्यांनी त्वचेचे काम करावे लागते. त्यांच्यासाठी कालथ्याला व पळीला लाकडी मूठ बसवून द्यावी, अनवाणी चालू देऊ नये, चप्पल मऊ तळाची घ्यावी. आणि रोज संध्याकाळी घरातील कोणीतरी त्यांचे तळवे उजेडात पाहावेत. काटा रुतला असेल तर त्यांस स्वतःला तो कळणार नाही.