माल आपला, खुर्ची त्यांची

दिवाळी किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की गावोगावच्या बेकऱ्यांपुढे डबे घेतलेल्या बायकामुलांची रांग लागायची. काही गावांत ती अजूनही लागते. रवा, मैदा, तूप, पिठीसाखर घरची. भट्टी, पत्रे आणि कसबी हात बेकरीवाल्याचे. नानकटाई भाजून झाली की किलोच्या हिशेबाने मजुरी द्यायची आणि ऊन ऊन डबा घरी आणायचा. यात कुणाला कधी संकोच वाटला नाही. बेकरीवाल्यालाही, 'आमची बिस्किटे समोर असताना तुमचे पीठ कशाला आणलेत?' असे विचारावेसे वाटले नाही. गिरणीचे तेच, शिंप्याचेही तेच. दळण आपले, दळणावळ त्याची. कापड आपले, शिलाई त्याची. माल आपण न्यायचा आणि श्रमाचे पैसे मोजायचे, हा व्यवहार आपल्या अंगवळणी पडलेला आहे.

पंचाईत होते ती दुकानदार जेव्हा श्रमाबरोबर जागाही देतो आणि तिचे पैसे वेगळे मागत नाही तेव्हा. चहाच्या हॉटेलात कुणी खुर्चीचे बिल लावत नाही. पंखा, पाण्याचा ग्लास, पुसलेले टेबल, चाळायला ठेवलेले वर्तमानपत्र हे सारे चहाच्या किमतीत मिसळलेले असते. अशा ठिकाणी गिऱ्हाइकाने पिशवीतून आपलाच खाऊ काढला तर? खाऊ त्याच्या मालकीचा, यात वाद नाही. पण तो ज्या खुर्चीवर बसून खातो आहे, तिचे काय?

या प्रश्नाचा सर्वांत बारकाईने विचार झाला आहे तो अमेरिकेतल्या सिगारच्या दुकानांत. सिगार हा काही आरोग्याच्या वाटेवरचा सोबती नव्हे, आणि त्याची भलामण करण्याचा येथे हेतूही नाही. पण दुकान आणि गिऱ्हाईक यांच्यातला एक अलिखित करार तिथे जितका स्पष्ट दिसतो, तितका क्वचितच दुसरीकडे दिसतो.

अमेरिकेतल्या अनेक गावांत सिगारचे दुकान हे नुसते दुकान नसते. ते आपल्याकडच्या पारासारखे असते. आतल्या बाजूला देवदारासारख्या लाकडाची एक बंद खोली. सिगार वाळून फुटू नयेत आणि दमट होऊन बुरसटूही नयेत, म्हणून तिथली आर्द्रता साधारण ६५ ते ७० टक्के राखावी लागते. बाहेरच्या बाजूला ऐसपैस कातडी खुर्च्या, राखदाण्या, दूरदर्शन संच आणि धूर ओढून घेणारी महागडी यंत्रे. एक मोठा सिगार संपायला तास-दीड तास सहज लागतो. तेवढा वेळ निवृत्त शिक्षक, वकील, टपालवाला, गवंडी अशी माणसे शेजारी शेजारी बसून गप्पा मारतात. बसण्याचे पैसे बहुतेक ठिकाणी कुणी मागत नाही. सिगार घ्यावा आणि बसावे, एवढीच अपेक्षा.

आता एखाद्याला मित्राने सिगार भेट दिलेला असतो. एखाद्याने वर्षानुवर्षे जपलेली पेटी मुलीच्या लग्नानिमित्त उघडलेली असते. अमेरिकेत मूल जन्मले की बापाने सिगार वाटण्याचा जुना रिवाज आहे, त्यातला एखादा खिशात पडून असतो. तो घरी ओढायला बायको परवानगी देत नाही, आणि बाहेर थंडी मी म्हणत असते. मग पाय आपोआप दुकानाकडे वळतात.

अशा वेळी काय करायचे, याचे संकेत तिथे मुरलेली गिऱ्हाइके नवख्याला समजावून सांगतात. पहिला संकेत म्हणजे आधी विचारायचे. खुर्चीत बसून सिगार पेटवल्यावर विचारणे म्हणजे जेवण झाल्यावर पान वाढायला सांगण्यासारखे. दुसरा, दुकानातलेही काही घ्यायचे. आपला एक ओढायचा असेल तर त्यांचा एक विकत घ्यायचा; तो आजच ओढला पाहिजे असे नाही. तिसरा, जो माल दुकानात मांडलेला आहे तोच दुसरीकडून स्वस्तात आणून मालकाच्या डोळ्यांदेखत पेटवायचा नाही. आणि चौथा, तो किती स्वस्तात मिळाला हे तर शेजारच्याला मुळीच सांगायचे नाही! काही दुकानांनी यासाठी सरळ दर ठरवला आहे. बाहेरून आणलेल्या प्रत्येक सिगारमागे ठरावीक रक्कम द्यायची. सिगारचे टोक कापण्यावरून या रकमेला तिथे 'कटिंग फी' म्हणतात. आपली बाटली घेऊन उपाहारगृहात गेल्यास बूच उघडण्याचे म्हणून जे 'कॉर्केज' घेतात, त्याचेच हे भावंड. बूच काढायला किंवा टोक कापायला कितीसे कष्ट पडतात? पैसे त्या कष्टांचे नसतातच. ते खुर्चीचे असतात.

यात निव्वळ मालकाचा लोभ आहे असे समजण्याचे कारण नाही. न्यूयॉर्कमध्ये २००३ साली बंदिस्त सार्वजनिक जागांतील धूम्रपानावर कडक निर्बंध आले, तेव्हा आधीपासून चालणाऱ्या सिगार-बारना सूट मिळाली ती एका अटीवर. त्यांच्या उत्पन्नाचा किमान १० टक्के भाग जागेवरच्या तंबाखूविक्रीतून आणि सिगार ठेवण्याच्या पेट्यांच्या भाड्यातून आलेला असला पाहिजे, ही ती अट. म्हणजे अशा ठिकाणी विक्री ही केवळ मालकाची पोटापाण्याची बाब राहत नाही. बसणाऱ्यांना तिथे बसता येते, ते विक्री होते म्हणूनच. प्रत्येकाने आपापला सिगार आणायचे ठरवले, तर मालकाचे दुकान बुडेल आणि त्याबरोबर गिऱ्हाइकांचा पारही जाईल.

याच्या अगदी उलट वाटणारा, पण त्याच हिशेबाने चालणारा रिवाज जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतात आहे. तिथे बिअर थंड राहावी म्हणून नदीकाठी खोल तळघरे खणत आणि त्यांच्यावर सावलीसाठी चेस्टनटची झाडे लावत. त्या झाडांखाली लोक येऊन बसू लागले. गावातल्या खानावळवाल्यांचे गिऱ्हाईक तुटू लागले, तशी त्यांनी राजाकडे तक्रार केली. १८१२ च्या जानेवारीत राजा पहिला माक्सिमिलियन योसेफ याने तोडगा काढला. बिअरवाल्यांनी उन्हाळ्यात आपल्या तळघरांपाशी बिअर आणि पाव विकावा, पण इतर खाणे विकू नये. झाले! लोक घरूनच खाण्याच्या टोपल्या घेऊन येऊ लागले. पुढे खाणे विकण्याची बंदी गेली, पण टोपल्या राहिल्या. १९९९ साली बव्हेरियाच्या सरकारने या बागांसाठी नियम केले, तेव्हा स्वतःचे खाणे आणून फुकट खाण्याची मुभा ही अशा बागेची ओळखच मानली गेली. आजही तिथे कुटुंबेच्या कुटुंबे डबे, चौकटीचे टेबलक्लॉथ आणि मुळे घेऊन येतात. पेय मात्र बागेतूनच घ्यायचे. आणि ज्या टेबलांवर बागवाल्याने स्वतः कापड अंथरले आहे तिथे डबा उघडायचा नाही, कारण ती टेबले जेवण मागवणाऱ्यांची. दोनशे वर्षे हा रिवाज टिकला, कारण काय आपले आणि काय त्यांचे, याची रेघ सर्वांना ठाऊक आहे.

आपल्याकडे ही रेघ इराण्याने पाटीवर लिहून ठेवली. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत भिंतीवर सूचनांची जंत्रीच असे. त्यांत बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यापासून उगाच बसून राहण्यापर्यंत अनेक गोष्टींना मनाई. मुंबईत धोबीतलावावर 'बस्तानी' नावाचे इराणी होते. तिथल्या पाट्यांवरून निसीम इझिकेल यांनी इंग्रजीत एक कविताही रचली. या पाट्यांची आपण पुष्कळ थट्टा केली. पण त्याच पाट्यांखाली एका 'सिंगल' चहावर दोन-दोन तास बसून कुणी कथा लिहिल्या, कुणी संप ठरवले, कुणी लग्ने जमवली. मालकाने गल्ल्यावरून एकदा डोळे वटारले असतील, पण सहसा उठवले नाही. गाडीवरचा वडापाव खिशातून काढून त्याच्या चहाबरोबर खाणाऱ्याकडेही त्याने कधीमधी काणाडोळा केला असेल. एकेकाळी मुंबईत अशी हॉटेले शेकड्यांनी होती. आज मोजकीच उरली आहेत. 'बस्तानी'ही गेले. त्याला वारसांची अनिच्छा, जागांच्या चढत्या किमती, बदलती चव अशी अनेक कारणे आहेत. पण स्वस्त चहावर खुर्ची देणारा धंदा किती नाजूक असतो, हे यावरून लक्षात यावे.

मालकाच्या बाजूनेही रेघ ओलांडली जाते, आणि तेव्हा गिऱ्हाईक चिडते तेही रास्तच. २०१८ साली महाराष्ट्रात मल्टिप्लेक्समधल्या खाद्यपदार्थांच्या किमतींवरून रान उठले होते. तिकिटाच्या तोडीस तोड किमतीच्या लाह्या पाहून मध्यमवर्गीय कुटुंबप्रमुखाच्या पोटात गोळा येणे स्वाभाविक होते. जुलैमध्ये नागपूरच्या अधिवेशनात सरकारने घरचे खाणे नेण्यास बंदी नसल्याचे सांगितले; पुढल्याच महिन्यात उच्च न्यायालयात मात्र हस्तक्षेपाची गरज नाही अशी भूमिका घेतली. पुढे जम्मू-काश्मीरमधून आलेल्या अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी निकाल दिला. चित्रपटगृह ही मालकाची खासगी जागा असून बाहेरचे खाणे रोखण्याचा त्याला अधिकार आहे, असे न्यायालयाने म्हटले. सुनावणीत सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी जिलबीचे उदाहरण दिले. प्रेक्षकाने जिलबी आणली आणि चिकट बोटे खुर्चीला पुसली, तर ती साफ कुणी करायची? पण त्याच वेळी दोन गोष्टींची नोंदही झाली. पिण्याचे स्वच्छ पाणी फुकट मिळाले पाहिजे, आणि तान्ह्या बाळाचे खाणे आईबापांना आत नेता आले पाहिजे.

या दोन गोष्टींत मोठे शहाणपण आहे. गरज आणि काटकसर यांत फरक आहे, हे त्यात मान्य केले आहे. मधुमेही आजोबांची सुकी भाकरी, उपवास असलेल्या आजीचा राजगिऱ्याचा लाडू, बाळाची पेज या वस्तू हॉटेलात मिळत नाहीत म्हणून आणलेल्या असतात. त्यांना हटकणारा मालक कायद्याने बरोबर असला तरी माणुसकीत नापास झाला. उलट घाटातल्या हॉटेलात पंधरा जणांची सहल चार चहा मागवते, सहा टेबले अडवते, पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि लोणच्याच्या बरण्या काढते आणि तेलकट कागद तसेच टाकून निघून जाते. तिथे त्या मालकाने 'सक्त मनाई'ची पाटी लावली, तर तिच्यावरची अक्षरे त्याची असली तरी मजकूर आपण सांगितलेला असतो.

तेव्हा पुढच्या वेळी डबा बरोबर असेल तर एवढेच करावे. आत शिरताना, पिशवी उघडण्यापूर्वी, गल्ल्यावर जाऊन विचारावे, ''आमच्याजवळ घरचा डबा आहे. इथे बसून खाल्ला तर चालेल का? चहा, ताक, भजी तुमच्याकडचीच घेऊ.'' दहापैकी आठ ठिकाणी 'बसा की!' असेच उत्तर येईल, आणि पाण्याचा जगही येईल. जिथे नाही म्हणतील तिथे वाद घालू नये. बाहेर एखादे झाड शोधावे. गर्दीची वेळ असेल तर लवकर उठावे. जितकी माणसे बसली, त्या मानाने काहीतरी मागवावे. उठताना आपला कचरा आपल्या पिशवीत घालावा. लहान मुले बरोबर असतील तर त्यांच्यासमोरच हे सारे करावे, कारण ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात येत नाही.

मालकांनीही आपली पाटी जरा मऊ करायला हरकत नाही. 'सक्त मनाई'च्या ऐवजी 'घरचा डबा असल्यास कृपया विचारा' एवढे लिहिले तरी पुरे. डब्यामागे दहा-वीस रुपये घ्यायचे असतील तर तेही खुशाल लिहावे. बेकरीवाल्याला नानकटाईची मजुरी देताना आपण कधी घासाघीस केली नाही. खुर्चीची मजुरी उघड मागितली तर तीही लोक देतील. न सांगता वसूल केलेल्या पैशाची चीड येते, सांगून मागितलेल्याची सहसा येत नाही.

शहरांत आता चार माणसांनी निवांत टेकावे अशा जागा कमी होत चालल्या आहेत. पार गेले, ओट्यांवर दुचाक्या आल्या, इराणी मावळले. उरलेल्या खुर्च्या कुणीतरी रोज सकाळी पुसून मांडतो. आपला डबा उघडण्याआधी त्याच्याकडे एकदा पाहून विचारले, तर त्या उद्याही मांडलेल्या दिसतील.