जुने इंजिन दमदार, चालवणाऱ्याचे काय?

डिंभे धरणाच्या खालच्या अंगाला, घोड नदीच्या खोऱ्यात शिनोली आणि घोडेगाव परिसर आहे. शेतापर्यंत वीज येण्याआधी इथे पाणी उपसायला बैलांची मोट होती. मोटेनंतर आले ऑइल इंजिन. आता बहुतेक ठिकाणी विजेची मोटार असली, तरी एखाद्या शेडमध्ये जुने एका सिलिंडरचे धूड अजून दिसते. हँडल मारले, जड चाकाने वेग घेतला की ते दोन-चार धक्क्यांत सुरू होते. जुने शेतकरी सांगतात, असे इंजिन आता होत नाही. या म्हणण्यात बरेच तथ्य आहे. पण इंजिनाजवळ आयुष्यभर उभे राहिलेल्या माणसाचे काय झाले, हेही पाहायला हवे.

या इंजिनाचे मूळ जर्मनीतले. रुडॉल्फ डिझेल यांना 1893 मध्ये पेटंट मिळाले आणि 1897 मध्ये आउग्सबुर्ग येथे त्यांचे इंजिन यशस्वीपणे चालले. सिलिंडरमधली हवा जोराने दाबली की ती 500 अंश सेल्सिअसच्या वर तापते. त्या तप्त हवेत तेलाचा बारीक फवारा सोडला की ते आपोआप पेटते, ठिणगीची गरज राहत नाही. तेलातील सुमारे 26 टक्के उष्णता या पहिल्या इंजिनाने कामी आणली. त्या काळच्या वाफेच्या यंत्रांपेक्षा हे प्रमाण कितीतरी जास्त होते.

याचा सर्वांत मोठा फायदा जहाजांना झाला. 1912 मध्ये कोपनहेगनहून ‘सेलांडिया’ हे डिझेलवर चालणारे मोठे मालवाहू जहाज आशियाकडे निघाले. त्यावर कोळसा लोटणारी माणसे नव्हती. कोळशाच्या जहाजावर ही माणसे तळघराच्या उकाड्यात आणि धुळीत राबत असत. डिझेलने त्यांची त्या कामातून सुटका केली. अशा इंजिनाची एकच अट होती, ते बंद पडता कामा नये. रस्त्यावर गाडी बंद पडली तर कडेला लावता येते, भर समुद्रात ती सोय नसते. म्हणून जहाजाची इंजिने जाड ओतकामाची, संथ आणि दुरुस्तीला सोपी बनवली गेली.

जमिनीवरची लहान इंजिनेही याच विचाराने घडली. इंग्लंडमधील डर्सली गावच्या लिस्टर कंपनीचे पाच अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला सुमारे 600 फेरे घेई. त्याच्या धर्तीवरची इंजिने पुढे राजकोटला मोठ्या संख्येने बनली. आपल्याकडे 1946 मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि पुण्याजवळच्या खडकीतून निघालेली इंजिने गावोगावच्या विहिरींवर पोहोचली. स्वातंत्र्यानंतर कोकणातल्या मच्छीमार होड्यांनाही शिडाच्या जोडीला डिझेल इंजिन मिळाले.

ही इंजिने इतकी का टिकतात, हे साध्या हिशोबाने कळते. मिनिटाला 600 फेरे म्हणजे तासाला 36 हजार. ट्रकचे इंजिन 2400 फेऱ्यांनी चालले तर तासाला एक लाख 44 हजार फेरे होतात. फेरे चौपट झाले की रिंगा, लायनर आणि बेअरिंगची घासणीही त्या मानाने वाढते. त्यात जुन्या इंजिनाचे ओतकाम जाड आणि भाग मोजके. नोझल साफ करणे, व्हॉल्व्ह घासणे, रिंगा बदलणे ही कामे गावचा मिस्त्री करू शकतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. आपल्याला दिसतात ती टिकून राहिलेली इंजिने. फुटली ती केव्हाच भंगारात गेली. समुद्रावर तर खारे पाणी इंजिनाची परीक्षाच पाहते. थंडाव्यासाठी थेट तेच पाणी फिरवले तर आतले पोलाद गंजते. म्हणजे टिकाऊपणा ओतकामात जितका असतो तितकाच गाळलेले डिझेल, वेळेवर बदललेले तेल आणि स्वच्छ पाणी यांतही असतो.

आता माणसाकडे वळू. पहिला फटका बसतो कानाला. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास हीच सर्वसाधारण सुरक्षित मर्यादा मानतात. आवाज दर तीन डेसिबलने वाढला की ही वेळ निम्म्यावर येते. 94 डेसिबलला ती एक तास उरते, 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे. मोजायला यंत्र नसेल तर सोपी खूण अशी: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर आवाज मर्यादेबाहेर आहे. ही बधिरता हळूहळू येते. आधी ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे बारीक ध्वनी जातात. आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. घरचे म्हणतात, बाबा लक्ष देत नाहीत. कानातल्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत, म्हणून लाँचवरच्या खलाशाने आणि इंजिनवाल्याने कानात इअरप्लग घालावेत.

दुसरा फटका धुराचा. 2012 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसाला निश्चितपणे कर्करोगकारक ठरवला. त्याचा मुख्य संबंध फुप्फुसाच्या कर्करोगाशी आहे. काळा धूर ओकणारे इंजिन तेल वाया घालवते आणि चालवणाऱ्याच्या छातीतही काजळी भरते. नोझल तपासून घेतले तर दोन्ही नुकसाने कमी होतात.

सर्वांत घातक जागा म्हणजे विहीर. पंप पाणी वर ओढतो ते हवेच्या दाबामुळे. हा दाब जास्तीत जास्त सुमारे दहा मीटर पाणी उचलू शकतो, आणि प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढे पंप ओढत नाही. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की काही जण इंजिनच विहिरीत, आतल्या टप्प्यावर उतरवतात. मग धूर खाली साचतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला धरून बसतो आणि प्राणवायूला जागा उरत नाही. आधी डोके जड होते, मळमळते, पायातले बळ जाते, आणि माणूस कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग शेजारी. एका विहिरीत दोघा-तिघांचे प्राण जातात ते असे.

पेटता दिवा खाली सोडून पाहणे ही खात्रीची परीक्षा नव्हे. दिव्याला फक्त प्राणवायूची कमतरता समजते, कार्बन मोनॉक्साइड नाही. म्हणून इंजिन विहिरीत उतरवूच नये, त्या खोलीसाठी पाणबुडी मोटार वापरावी. कोणी खाली पडलेच, तर नाका-तोंडाला फडके बांधून उतरू नये. फडक्याने हा वायू अडत नाही. 108 ला आणि अग्निशमन दलाला कळवावे. श्वसनयंत्र लावलेल्या माणसानेच खाली जावे. होडीच्या पोटातली इंजिनाची बंद जागाही अशीच धोक्याची. तिथे झोपणे टाळावे आणि धुराची नळी कुठे फुटली आहे का ते पाहावे.

आणखी तीन इजा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. हँडल उलटे फिरले की मनगट मोडते, म्हणून ते धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवावा, मुठीने आवळू नये. उघड्या पट्ट्यात पदर, उपरणे किंवा वेणी अडकते, त्यावर जाळीचे झाकण हवे. नोझल तपासताना फवाऱ्यासमोर बोट धरले तर तेल कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, दुखतही नाही, पण काही तासांत बोट सडू शकते. अशा वेळी हळद लावून थांबू नये. त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि डिझेलचा फवारा बसला हे आवर्जून सांगावे.

जुने इंजिन जपावे, त्याची दुरुस्ती शिकून घ्यावी. इंजिनाचे तेल किती तासांनी बदलायचे हे आपण भिंतीवर लिहून ठेवतो. त्याच्या शेजारी आणखी एक ओळ लिहावी: इंजिनवाल्याची कानाची आणि छातीची तपासणी, वर्षातून एकदा.